एकच सभागृह आणि ढीगभर विषय: होलीरूडला हे जमतं कसं?

दप्तरदार (धागाकर्ता)

एडिनबरामधल्या स्कॉटिश संसदेची, म्हणजे होलीरूडची, विषयपत्रिका नजरेखालून घातली की गरगरतं. दारूची किमान किंमत, मासेमारीचे परवाने, शाळांचा अभ्यासक्रम, वृद्धांची शुश्रूषा, कोल्ह्यांची शिकार, रिकाम्या बाटल्या, तुरुंग, जमीनदारांच्या शेतामाळातून चालत जायचा हक्क... सगळं त्याच 129 सदस्यांपुढे. वरचं सभागृह नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, व्हिसा, चलन आणि बहुतेक कर मात्र लंडनच्या हातात.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे ठोकायला सोपं जाईल: ही एक भलीमोठी महापालिका आहे. तिजोरी वेस्टमिन्स्टरची, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेची, कुंपणही वेस्टमिन्स्टरचं. तसं नसेल तर उदाहरणं द्या. प्रश्न कसा आला, कोणत्या पायऱ्यांनी गेला, कुठे आणि का अडला. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं का, यासाठी वेगळा धागा काढा. इथे तो विषय निघाला की धागा मेलाच.

लीथकर

महापालिका म्हणताय तर आधी याद्या बघू. 11 सप्टेंबर 1997 ला सार्वमत झालं, 74.3% लोकांनी संसद मागितली. 1998 चा स्कॉटलंड कायदा आला, मे 1999 मध्ये पहिली निवडणूक झाली आणि 1 जुलै 1999 पासून अधिकार मिळाले. या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत वेस्टमिन्स्टरने राखून ठेवलेले विषय आहेत. त्यात जे नाही ते सगळं होलीरूडचं. महापालिकेला जे लिहून दिलंय तेवढंच करता येतं, इथे नेमकं उलट आहे. आपल्या घटनेत तर कोणत्याच यादीत नसलेला विषय कलम 248 नुसार केंद्राकडे जातो. त्या एका बाबतीत होलीरूड महाराष्ट्र विधिमंडळापेक्षाही ऐसपैस आहे.

खरी गंमत अशी की लोकांचे प्रश्न अनुसूची वाचून पडत नाहीत. आरोग्य होलीरूडचं, पण अमली पदार्थांचा 1971 चा कायदा राखीव. घरबांधणी यांची, रोजगार कायदा त्यांचा. गर्भपाताचा विषय 2016 पर्यंत राखीव होता, मग इकडे आला. जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रश्नाचा एक पाय लंडनमध्ये असतो. त्यामुळे 'काय करायचं' याच्या आधी 'यातला कुठला भाग आपल्या हातात येतो' हे शोधावं लागतं. होलीरूडची कारागिरी बघायची असेल तर ती तिथे आहे.

बोरकूट

म्हणजे एकत्र कुटुंबातली धाकटी सून. स्वयंपाकघर तिचं, किल्ल्या सासूकडे. 🙂

केल्व्हिनकाठ

वरचं सभागृह नाही म्हणून विधेयक भरधाव सुटतं असं नाही. पायऱ्या देतो.

विधेयक दाखल करताना ते अधिकारकक्षेत आहे असं मंत्र्याला लिहून द्यावं लागतं, आणि सभापतीही त्यावर स्वतःचं स्वतंत्र मत नोंदवतात. सोबत उद्देशाचं टिपण, कलमवार खुलासा आणि खर्चाचं टिपण. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, पुढे येईलच.

पहिला टप्पा: विषय समिती लेखी मतं मागवते. कोणीही पाठवू शकतो. मग डॉक्टर, पोलीस, दुकानदार, प्राध्यापक यांच्या साक्षी होतात. समिती अहवाल देते आणि सभागृह फक्त 'मूळ तत्त्व मान्य आहे का' यावर मत देतं. दुसरा टप्पा: समितीत कलमवार दुरुस्त्या. तिसरा टप्पा: पूर्ण सभागृहात उरलेल्या दुरुस्त्या आणि अंतिम मतदान, तेही बटण दाबून, त्यामुळे मोजणीत वेळ जात नाही.

मग चार आठवडे थांबायचं. या मुदतीत सरकारचे विधी अधिकारी, लंडनचेसुद्धा, विधेयक स्कॉटलंड कायद्याच्या कलम 33 खाली थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात नेऊ शकतात. कोणी नेलं नाही तर राजाची संमती.

बिघडतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यावर. तिथे आलेल्या नव्या दुरुस्तीवर कोणाची साक्ष झालेली नसते. एकेका दुरुस्तीला मिनिटं मोजून मिळतात आणि ही चूक पकडायला पुढे दुसरं सभागृह नाही. लिंगओळखीच्या (कायदेशीर लिंगबदल सोपा करणाऱ्या) विधेयकावर डिसेंबर 2022 मध्ये दीडशेहून जास्त दुरुस्त्या होत्या, सभागृह मध्यरात्र उलटून चाललं.

आणीबाणीची वाटही आहे. पहिल्या कोरोना कायद्याचे तिन्ही टप्पे 1 एप्रिल 2020 या एकाच दिवशी उरकले.

शून्यप्रहर

केल्व्हिनकाठ, कागदावर सगळं छान आहे. पण ज्या समितीने सरकारच्या खात्यावर नजर ठेवायची, तीच समिती त्या खात्याची विधेयकंही तपासते. एका समितीत दहाएक माणसं. मंत्री वजा करा, मग तेच तेच सदस्य दोन-दोन समित्यांवर. 2011 मध्ये एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) 69 जागा मिळाल्या तेव्हा समित्यांमध्येही त्यांचंच बहुमत. अहवाल मऊ व्हायला अजून काय लागतं? 2012 चा फुटबॉल सामन्यांतल्या आक्षेपार्ह वर्तनाचा कायदा त्याच काळातला. बाकी सगळे पक्ष विरोधात असताना रेटला आणि 2018 मध्ये रद्द करावा लागला.

केल्व्हिनकाठ

रद्द कोणी केला तेही सांगा ना. सरकारने नाही, विरोधी सदस्याच्या खाजगी विधेयकाने. तोपर्यंत बहुमत गेलं होतं. 73 जागा मतदारसंघांच्या आणि 56 प्रादेशिक याद्यांच्या: आठ प्रदेश, प्रत्येकी सात. यादीतल्या जागा वाटताना पक्षाची मतं त्याच्या आधी मिळालेल्या जागा अधिक एक या आकड्याने भागतात, म्हणजे मतदारसंघ लुटणारा पक्ष यादीत मागे पडतो. ही पद्धत एकहाती बहुमत सहसा होऊ देत नाही. 2011 हा अपवाद होता.

समितीच्या दातांचं उदाहरण हवं असेल तर राष्ट्रीय शुश्रूषा सेवेचं विधेयक घ्या. जून 2022 मध्ये दाखल झालं. नुसता सांगाडा: अधिकार मंत्र्यांना, तपशील नंतर नियमांत. अर्थ समितीने खर्चाचं टिपण धरून धुतलं, कारण सेवेचा आकारच ठरलेला नसेल तर खर्च कसा ठरणार? नगरपालिका फिरल्या, कामगार संघटना फिरल्या. जानेवारी 2025 मध्ये सरकारने राष्ट्रीय सेवेचा गाभाच काढून टाकला आणि उरलेलं विधेयक वेगळ्या नावाने मंजूर झालं.

शून्यप्रहर

अडीच वर्षं लागली. दात असतील, दुधाचे.

थेंबेथेंबे

'आपल्या हातातला भाग' याचं शुद्ध उदाहरण म्हणजे दारूची किमान किंमत.

प्रश्न: स्वस्त, कडक दारू आणि यकृताच्या आजाराने होणारे मृत्यू. सरळ उपाय म्हणजे कर वाढवणं. पण दारूवरचा अबकारी कर राखीव. म्हणून 2012 च्या कायद्याने कराला हात न लावता, अमुक किमतीखाली विकायचं नाही असा नियम परवान्याच्या अटींत घातला. परवाने आणि सार्वजनिक आरोग्य होलीरूडकडे आहेत.

हिशेब: लिटरमधलं आकारमान गुणिले मद्यार्काची टक्केवारी म्हणजे युनिट, गुणिले दर. सुरुवातीचा दर युनिटला 50 पेन्स. 30 सप्टेंबर 2024 पासून 65 पेन्स.

700 मिली, 40% व्हिस्की: 28 युनिट, आधी 14 पौंड, आता 18.20 पौंड.
500 मिली, 4% बिअर: 2 युनिट, आता 1.30 पौंड.
3 लिटर, 7.5% सायडर: 22.5 युनिट, 50 पेन्सला 11.25, आता साधारण 14.63 पौंड.

चांगल्या व्हिस्कीला याने काहीच होत नाही, ती आधीच महाग. मार बसतो तो तिसऱ्या ओळीतल्या त्या प्लॅस्टिकच्या बाटलीला. नियमाचा नेमही तिच्यावरच होता.

स्कॉच व्हिस्की उत्पादकांची संघटना कोर्टात गेली. मुख्य मुद्दा युरोपीय संघातल्या मालाच्या मुक्त संचाराचा. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात जाऊन प्रकरण परत आलं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये कायदा उचलून धरला, 1 मे 2018 पासून लागू. पाच वर्षं कोर्टात. कायद्यातच सहा वर्षांनी आपोआप संपण्याचं कलम होतं, म्हणून 2024 मध्ये संसदेला पुन्हा मत द्यावं लागलं. तोवर पब्लिक हेल्थ स्कॉटलंडचा अंदाज हाती होता: निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू 13.4% कमी.

बोरकूट

3 लिटर सायडर? आमच्याकडे पाण्याची बाटलीसुद्धा एवढी नसते.

दप्तरदार

थेंबेथेंबे, पण किंमत वाढली तर वरचे पैसे कोणाकडे?

थेंबेथेंबे

दुकानदाराकडे. तिथेच या उपायाची लंगडी बाजू दिसते. कर नसल्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रांसाठी सरकारला यातून काही मिळत नाही. मोठ्या दुकानांच्या मालमत्ता करावर अधिभार लावायची मागणी म्हणूनच सतत होते, कारण मालमत्ता कर होलीरूडचा. तसा अधिभार 2012 ते 2015 मध्ये दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर होताही.

राखीव विषयाला धक्का लागतो का हे ठरवताना कोर्ट कायद्याचा उद्देश बघतं, आणि परिणामांकडे बघून तो उद्देश खरा आहे का हे तपासतं. सिगारेट दुकानात मांडून ठेवायला आणि यंत्रातून विकायला बंदी घातली तेव्हा एक तंबाखू कंपनी म्हणाली, हा ग्राहकविक्रीचा राखीव विषय. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उद्देश आरोग्याचा आहे, चालेल. त्या निकालानंतर विधेयकांचे उद्देश फार विचारपूर्वक लिहिले जाऊ लागले.

करडई

आता फसलेलं उदाहरण. बाटल्यांवरची अनामत.

2020 मध्ये नियम मंजूर: 50 मिली ते 3 लिटरच्या प्लॅस्टिक, धातू आणि काचेच्या प्रत्येक बाटली-डब्यावर 20 पेन्स, परत दिलं की पैसे परत. पर्यावरण होलीरूडचं, काहीच अडचण नव्हती. मग ब्रेक्झिट झालं आणि वेस्टमिन्स्टरने अंतर्गत बाजारपेठेचा कायदा आणला, तोही 2020 चाच. त्याचं सूत्र: ब्रिटनच्या एका भागात जो माल कायदेशीर विकता येतो तो दुसऱ्या भागातही विकता आला पाहिजे. म्हणजे इंग्लंडमधून आलेली अनामत नसलेली बाटली स्कॉटिश दुकानात चालेल! तसं होऊ नये म्हणून सूट मागावी लागते आणि ती लंडनचा मंत्री देतो. एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बंदीला सूट मिळाली होती. इथे मे 2023 मध्ये सशर्त मिळाली: काच वगळा.

काच वगळली की हिशेब कोसळतो, कारण ती जड आणि तिच्या शुल्कावर योजनेचं उत्पन्न बेतलेलं. काही आठवड्यांत योजना पुढे ढकलली आणि ती चालवण्यासाठी उद्योगाने उभी केलेली सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड ही कंपनी जून 2023 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. आता लक्ष्य ऑक्टोबर 2027, इंग्लंडच्या सोबत आणि काचेशिवाय.

म्हणजे पाचव्या अनुसूचीत पर्यावरणाबद्दल एक अक्षर न बदलता अधिकार आखडला. दप्तरदारांचं कुंपण ते हेच.

लीथकर

करडई, अर्धं मान्य. योजना काचेच्या वादाआधीच डळमळीत होती. आधी जुलै 2022, मग ऑगस्ट 2023, मग मार्च 2024 अशी तारीख सरकत होती. छोट्या दारूभट्ट्यांना बारकोड वेगळे छापायचे होते, कोपऱ्यावरच्या दुकानांना परतीचं यंत्र ठेवायला जागा नव्हती आणि सूट अधिकृतपणे मागायलाही उशीर झाला. सगळं खापर लंडनवर फोडणं होलीरूडला फार सोयीचं जातं. उलट बाजूलाही तसंच.

घोंगडी

सुंदर धागा. वाचतोय.

नागमोडी

अमली पदार्थांचं लिहितो, कारण तिथे हे सगळं टोकाला जातं. ड्रग्जमुळे होणाऱ्या मृत्यूंचं स्कॉटलंडमधलं प्रमाण युरोपात सर्वाधिक देशांत मोडतं. ग्लासगोला देखरेखीखाली इंजेक्शन घ्यायची खोली हवी होती, प्रस्ताव 2016 पासूनचा. तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात बेकायदा पदार्थ असणार आणि तो बाळगण्याचा गुन्हा 1971 च्या राखीव कायद्यातला. लंडनने सूट द्यायला नकार दिला.

वाट निघाली ती खटले चालवण्याच्या अधिकारातून. स्कॉटलंडची अभियोग यंत्रणा कायम स्वतंत्र राहिलेली आहे आणि तिची प्रमुख लॉर्ड ॲडव्होकेट. सप्टेंबर 2023 मध्ये डोरोथी बेन यांनी जाहीर केलं की अशा केंद्रात निव्वळ बाळगल्याबद्दल खटला भरणं सार्वजनिक हिताचं ठरणार नाही. 'द थिसल' हे केंद्र जानेवारी 2025 मध्ये उघडलं.

ही सवलत फार अरुंद आहे. विक्री, पुरवठा यांना लागू नाही. पदार्थ येणाऱ्याने स्वतः आणायचा, सुई स्वतःच टोचायची. कर्मचारी स्वच्छ साहित्य देतात, लक्ष ठेवतात, श्वास मंदावला तर प्राणवायू आणि नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध. गुन्हा गुन्हाच राहिला, फक्त खटला नाही.

शून्यप्रहर

यात संसदेने काय केलं? कायदा नाही, मतदान नाही, एका विधी अधिकाऱ्याचं निवेदन! शिवाय लॉर्ड ॲडव्होकेट एकाच वेळी सरकारची सल्लागार आणि खटल्यांची प्रमुख. उद्या तीच भूमिका दुसऱ्या व्यक्तीने फिरवली तर केंद्र बंद.

नागमोडी

पैसा संसदेच्या अंदाजपत्रकातून गेला आणि समित्यांनी वर्षानुवर्षं साक्षी घेऊन दबाव ठेवला. पण तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर. त्याला उत्तर नाही.

जमाखर्च

"तिजोरी वेस्टमिन्स्टरची" हे 2017 नंतर अर्धंच खरं आहे.

मूळ अनुदान बार्नेट सूत्राने येतं. इंग्लंडमधल्या एखाद्या खात्याचा खर्च वाढला की त्या वाढीचा, विषय जितका हस्तांतरित (होलीरूडकडे दिलेला) आहे तितका, लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा. सूत्र 1970 च्या दशकाच्या शेवटचं, कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पैशावर 'आरोग्यासाठीच' असा शिक्का नसतो, होलीरूड तो बसवर खर्च करू शकतं.

2016 च्या कायद्याने पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे एप्रिल 2017 पासून होलीरूडकडे आले. करमुक्त मर्यादा (12,570 पौंड), व्याज-लाभांशावरचा कर आणि राष्ट्रीय विमा (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) लंडनकडेच. 2025-26 मध्ये सहा टप्पे: 19, 20, 21, 42, 45, 48%. इंग्लंडमध्ये तीन: 20, 40, 45.

त्या वर्षी 60,000 पौंड पगारावर स्कॉटलंडमध्ये साधारण 13,214 पौंड, इंग्लंडमध्ये 11,432. फरक 1,782. साधारण 30,300 पौंडांच्या खाली स्कॉटलंडमध्ये कर कमी होता, पण जास्तीत जास्त 28 पौंड *वर्षाला*. सरकारी पत्रकात हा भाग ठळक छापतात.

आणि दोन सरकारांच्या मध्ये सांध्यावर काय होतं बघा. इथे 42% चा टप्पा 43,662 ला सुरू होतो, पण राष्ट्रीय विम्याचा दर 8 वरून 2 वर 50,270 ला उतरतो, कारण ती रेषा इंग्लंडच्या टप्प्याशी जुळवलेली. मधल्या साडेसहा हजारांवर 42 अधिक 8, म्हणजे प्रत्येक वाढीव पौंडातला अर्धा गेला. असं कोणीच ठरवलं नाही. दोघांनी आपापलं ठरवलं, त्यातून हे आलं.

सामान्य माणसाने बघायचं ते पगारपत्रकावरच्या करसंकेतापुढचं 'एस' अक्षर. ते मुख्य राहत्या घरावरून ठरतं, कंपनीच्या पत्त्यावरून नाही. घर बदलल्यावर कर खात्याला कळवलं नाही तर चुकीच्या देशाचा दर लागतो आणि वर्षाअखेरीस वसुली निघते.

बोरकूट

28 पौंड म्हणजे थेंबेथेंबेंच्या हिशेबाने दीड बाटली. 😀

करडई

जमाखर्च, अंदाजपत्रक पडलं तर?

जमाखर्च

पडलंय. 28 जानेवारी 2009. एसएनपीचं अल्पमत सरकार, घरांच्या उष्णतारोधक कामांना पैसा कमी म्हणून ग्रीन पक्षाचे दोघे फिरले. 64 विरुद्ध 64. सभापतींनी निर्णायक मत विरोधात दिलं, कारण बरोबरी झाली तर आहे ती स्थिती राखायची असा संकेत आहे. आठवड्याभरात तडजोड होऊन 4 फेब्रुवारीला 123 विरुद्ध 2 असं मंजूर. अंदाजपत्रकात दुरुस्ती फक्त मंत्री सुचवू शकतात, त्यामुळे विरोधकांना जे हवं ते मतदानाआधी बंद दाराआड मागून घ्यावं लागतं. सभागृहातली भाषणं तोवर शिळी झालेली असतात.

मधली_सुट्टी

थोडं अवांतर. पुतण्या सप्टेंबरात ग्लासगोला शिकायला जातोय, वय 20. या संसदेचा त्याच्याशी काही संबंध येतो का?

केल्व्हिनकाठ

येतो की, ताई. 22 वर्षं पूर्ण होईपर्यंत स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या कोणालाही बस मोफत, जानेवारी 2022 पासून. परदेशी विद्यार्थीही त्यात आले. तिथला पत्ता दाखवून कार्ड काढायचं, ते आल्याशिवाय पैसे पडतात. रेल्वेला लागू नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं 1 एप्रिल 2011 पासून मोफत. फी माफ मात्र नाही, ती तिथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना.

आणि मत देता येतं! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीयाला होलीरूडसाठीही आणि वेस्टमिन्स्टरसाठीही. होलीरूडने 2020 मध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या सगळ्याच परदेशी नागरिकांना आपल्या निवडणुकीत मत दिलं. 16 व्या वर्षापासून मतदान आधीच होतं. मतदार याद्यांचा असा कायदा बदलायला तिथे दोन तृतीयांश सदस्य लागतात. यादीत नाव आपोआप येत नाही, स्वतः नोंदवायचं.

तळटीप

लिंगओळखीच्या विधेयकाचा उल्लेख झालाच आहे, तर अडवण्याच्या दोन वाटा वेगळ्या ठेवूया. लोक गल्लत करतात.

कलम 33: 'हे अधिकाराबाहेर आहे का?' उत्तर कोर्ट देतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं विधेयक मार्च 2021 मध्ये एकमताने मंजूर झालं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं बाहेरची ठरवली. अडचण बालहक्कांची नव्हतीच. वेस्टमिन्स्टरने केलेले कायदेही त्या कसोटीवर तपासायची मुभा कोर्टांना दिली होती, तिथे फसलं. डिसेंबर 2023 मध्ये सुधारून पुन्हा मंजूर: आता बंधन फक्त होलीरूडच्या कायद्यांखालच्या कामाला. पण स्कॉटलंडच्या शाळांचा पायाभूत कायदा 1980 चा, म्हणजे वेस्टमिन्स्टरचा. त्याखालचं कामकाज बालहक्कांच्या बंधनातून सुटलं! पुन्हा होलीरूडचा शिक्का मारून तोच मजकूर मंजूर केल्याशिवाय ते आत येणार नाही.

कलम 35: विधेयक अधिकारात असलं तरी राखीव कायद्याच्या अंमलावर वाईट परिणाम होईल असं वाटलं तर लंडनचा मंत्री थांबवू शकतो. 24 वर्षं कोणी वापरलं नव्हतं. लिंगओळखीचं विधेयक 86 विरुद्ध 39 ने मंजूर झालं होतं, जानेवारी 2023 मध्ये 2010 च्या समानता कायद्याचं कारण देऊन थांबवलं. स्कॉटिश कोर्टाने डिसेंबरमध्ये आदेश योग्य ठरवला आणि स्कॉटिश सरकारने अपील केलं नाही.

लीथकर

याला आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे महाराष्ट्राचं शक्ती विधेयक. संयुक्त समितीकडून होऊन डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर, पण केंद्रीय फौजदारी कायद्यांना छेद देतं म्हणून राष्ट्रपतींकडे गेलं आणि केंद्राच्या आक्षेपांत अडकलं. फरक मुदतीचा. कलम 35 चा आदेश चार आठवड्यांत, लेखी कारणांसह काढावा लागतो, आणि कारणं कोर्टात तपासता येतात.

शून्यप्रहर

आणि उलट दिशेचं? वेस्टमिन्स्टरने होलीरूडच्या विषयावर कायदा केला तर?

तळटीप

संमती मागायचा संकेत आहे, 2016 पासून कायद्यातही लिहिलाय, पण 'सामान्यतः' या शब्दासकट. मे 2018 मध्ये ब्रेक्झिटच्या विधेयकाला होलीरूडने 93 विरुद्ध 30 ने संमती नाकारली. लंडनने विधेयक तसंच पुढे नेलं. कोर्टाने आधीच सांगितलं होतं की हा राजकीय संकेत आहे, त्यावर निवाडा देणं न्यायालयाचं काम नाही.

दप्तरदार

एवढं वाचूनही माझा मूळ प्रश्न उभाच आहे. शब्द 'सामान्यतः', काच वगळा, खटला भरणार नाही... कुंपणाची उंचीच मोजतोय आपण. महापालिका करू शकणार नाही असं एक तरी काम दाखवा.

लीथकर

पोस्ट ऑफिसच्या होरायझन संगणकाचं प्रकरण. सदोष हिशेबामुळे पोस्टमास्तरांवर चोरीचे शिक्के बसले. मे 2024 मध्ये वेस्टमिन्स्टरने त्या शिक्षा कायद्यानेच रद्द केल्या, पण इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंडपुरत्या. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था वेगळी म्हणून होलीरूडने आठवड्याभरात स्वतःचं आणीबाणीचं विधेयक मंजूर केलं. इंग्लंडचा कायदा होईपर्यंत मुद्दाम थांबले होते, म्हणजे निकष जुळतील आणि कोणी दोन्हींच्या मध्ये पडणार नाही. न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा पुसणारी महापालिका मला तरी माहीत नाही.

करडई

शिवाय 2003 चा जमीन सुधारणा कायदा. कोणाच्याही माळरानातून, तळ्यावरून जबाबदारीने जायचा हक्क, आणि गावाला जमीन विक्रीला आली तर आधी विकत घ्यायचा हक्क. इंग्लंडमध्ये आजही इतकं नाही.

नागमोडी

आणि अर्ज! एका सहीवर कोणीही नागरिकांच्या अर्जांच्या समितीकडे जाऊ शकतो. शस्त्रक्रियेत बसवलेल्या जाळीमुळे जायबंदी झालेल्या बायकांनी 2014 मध्ये असाच अर्ज केला. साक्षी झाल्या, रोपण थांबलं, आणि 2022 मध्ये जाळी काढायचा खाजगी खर्च परत द्यायचा कायदा झाला.

दप्तरदार

शिक्षा पुसण्याचा मुद्दा मान्य. 'महापालिका' मागे घेतो, 'तिजोरी'वर मात्र जमाखर्च यांच्याशी अजून भांडणार आहे. एका सहीचा अर्ज भारतातून करता येईल का?

नागमोडी

येईल, अर्जदार स्कॉटलंडचा रहिवासी असलाच पाहिजे अशी अट नाही. पण मागणी होलीरूडच्या विषयातली हवी, नेमकं काय करायला हवं ते एका वाक्यात लिहायचं, आणि त्याआधी सरकारला किंवा एखाद्या सदस्याला विचारून झालंय का तेही सांगावं लागतं. ते न केल्याने बरेच अर्ज दारातच थांबतात.

बोरकूट

तीन लिटर सायडरची बाटली बंद करा, असा लिहू का?

थेंबेथेंबे

बाटलीचा आकार राखीव की हस्तांतरित, ते आधी शोधा. 🙂